पेडल स्टील गिटारची सिग्नल साखळी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पेडल स्टील गिटार, म्हणजे चौकटीवर आडवी बसवलेली, बसून वाजवायची आणि पायाच्या पेडलांनी व गुडघ्याच्या खटक्यांनी तारांचे सूर बदलणारी गिटार, घरात आली की पहिल्या आठवड्यातच "आता इफेक्ट कोणते घेऊ?" हा प्रश्न डोके वर काढतो. (इफेक्ट म्हणजे आवाजाला पडसाद, खरखर असे वेगवेगळे रंग देणारी छोटी यंत्रे.) हा प्रश्न बहुतेकदा साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या सवयीतून आलेला असतो. उभे राहून वाजवणाऱ्या गिटारवादकाचे दोन्ही पाय मोकळे असतात, त्यामुळे समोर सात-आठ पेडलांची पाटी मांडून त्याला हवे तेव्हा हवे ते पेडल दाबता येते. पेडल स्टील वाजवणाऱ्याजवळ मोकळा अवयवच उरत नाही. डाव्या हातात पोलादी बार असतो, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत तार छेडण्याच्या नख्या असतात, डावा पाय वाद्याच्या पेडलांवर फिरत असतो, दोन्ही गुडघे डावी-उजवीकडचे खटके ढकलत असतात आणि उजवा पाय सतत व्हॉल्यूम पेडलवर असतो. गाणे चालू असताना इफेक्ट बदलायचा म्हणजे यांपैकी काहीतरी सोडावे लागते. त्यामुळे या वाद्यासाठी इफेक्ट निवडताना ते मोजके असावेत, एकदा लावले की लावून ठेवण्यासारखे असावेत, आणि मुख्य खर्च व्हॉल्यूम पेडल, केबल आणि ॲम्प्लिफायर यांवर व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

या वाद्याचा जो आवाज आपल्या कानात बसला आहे, तो १९५४ साली कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या एका गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत बड आयझॅक्स यांनी वाजवलेल्या तुकड्यातून कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलभर पसरला. काही तारा स्थिर राहतात, एखाददुसरी तार पेडलच्या ओढीने वर चढते आणि एका सुरावटीतून दुसरी सुरावट उमलते. या आवाजाचे प्राण दोन गोष्टींत आहेत. एक म्हणजे सुराची लांब, न तुटणारी आस, आणि दुसरी म्हणजे मींड घेताना प्रत्येक सुराचा स्वच्छपणा. साखळीतील, म्हणजे वाद्यापासून ॲम्प्लिफायरपर्यंत सिग्नल ज्यांतून जातो त्यांतील, प्रत्येक वस्तू घेण्यापूर्वी ती या दोहोंना मदत करते की बाधा आणते, एवढेच विचारावे.

पहिली पायरी : ॲम्प्लिफायर

साखळीची खरेदी शेवटच्या टोकापासून करावी. पेडल स्टीलचा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक आणि तारेचे वेटोळे, फार जोरकस असतो. स्ट्रॅटोकास्टर या साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या एका पिकअपचा रोध साधारण ६ किलोओहम असतो, तर स्टीलच्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपवर त्याहून कितीतरी जास्त वेढे असल्यामुळे तो सहज १७-१८ किलोओहमपर्यंत जातो. एवढा सिग्नल लहान ॲम्पमध्ये घातला की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजात मींडेचा स्वच्छपणा राहत नाही. म्हणून स्टीलवादक पहिल्यापासून मोठ्या वॅटेजचे ॲम्प वापरत आले आहेत. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, पीव्हीचा नॅशव्हिल ४०० त्याच्या दुपटीहून मोठा, तर नॅशव्हिल ११२ सुमारे ८० वॅटचा आणि १२ इंची स्पीकरचा आहे. घरी सरावाला एवढी ताकद कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही ताकद मोठ्या आवाजासाठी नसते. सूर विरत चालला की पायाने आवाज वाढवावा लागतो, त्या वेळी ॲम्पमध्ये जागा शिल्लक हवी, यासाठी ती असते.

स्पीकर १५ इंची असावा की १२ इंची, यावर जुने वादक हिरिरीने बोलतात. दहा तारांच्या ई-९ मेळातील (मेळ म्हणजे तारा कोणत्या सुरांत लावायच्या याची ठरलेली जुळणी) सर्वांत खालची तार बी, म्हणजे साधारण १२३ हर्ट्झ आहे. सी-६ मेळातील सर्वांत खालचा सूर ६५ हर्ट्झच्या आसपास असतो. तुम्ही फक्त ई-९ वाजवणार असाल तर चांगला १२ इंची स्पीकर पुरेसा आहे आणि पाठीलाही सोसणारा आहे. सी-६ वर स्विंग किंवा जॅझ वाजवायचे असेल तर १५ इंची स्पीकरचा भरदारपणा लगेच कळतो.

ॲम्पवर मिड्सची, म्हणजे मधल्या कंपनसंख्यांची, कळ नीट असावी. स्टीलचा आवाज ८०० हर्ट्झच्या आसपास नाकातून बोलल्यासारखा होतो. पीव्हीच्या स्टील ॲम्पवर मिड्सची पट्टी निवडता येते, आणि तेथे ८०० हर्ट्झ थोडे कमी करणे ही नॅशव्हिलमधली वर्षानुवर्षांची रीत आहे. ट्रेबल, म्हणजे वरच्या कंपनसंख्या, मात्र घाईने कमी करू नका. सुरुवातीला आवाज कर्कश वाटतो तो बहुधा नख्या तारेवर आडव्या पडत असल्यामुळे, आणि हाताचा दोष कळीने झाकला की हात सुधारत नाही.

दुसरी पायरी : व्हॉल्यूम पेडल

या लेखात सर्वांत जास्त जागा मी या वस्तूला देणार आहे, कारण पेडल स्टीलवर व्हॉल्यूम पेडल हा वाद्याचाच भाग आहे. तार छेडताना पेडल साधारण अर्ध्यावर असते, आणि सूर जसजसा विरतो तसतसा पाय हळूहळू पुढे दाबला जातो. ऐकणाऱ्याला सूर एकाच पातळीवर लांबत गेल्यासारखा वाटतो. सतारीची किंवा सरोदची आस तार छेडल्याक्षणी ओसरू लागते, तर स्टीलची आस या पायामुळे गळ्याच्या किंवा सारंगीच्या जवळ जाते. यावरून ॲम्प कसा लावावा हेही ठरते. पेडल अर्ध्यावर असताना तुमचा नेहमीचा आवाज मिळाला पाहिजे आणि उरलेला अर्धा प्रवास आस लांबवण्यासाठी राखून ठेवला पाहिजे. नवखे वादक पेडल पूर्ण दाबून ॲम्पचा आवाज ठरवतात. मग सूर विरताना पायाला पुढे जायला जागाच उरत नाही.

व्हॉल्यूम पेडल ढोबळमानाने दोन प्रकारचे मिळते. पहिला प्रकार साधा, म्हणजे पॉटवाला (पॉट म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा भाग). गुडरिच १२० किंवा अर्नी बॉलचे व्हीपी ज्युनिअर या प्रकारात येतात. आत एक पॉट असतो, त्याच्या दांड्यावर कप्पी असते आणि कप्पीभोवती दोरी गुंडाळलेली असते. पाय हलला की दोरी ओढली जाऊन पॉट फिरतो. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक, म्हणजे हिल्टन किंवा टेलोनिक्सच्या पेडलांसारखा. त्यांत झिजणारा पॉट नसतो, पिकअपवर भार येत नाही आणि आवाजाचा पोतही पायाच्या स्थितीनुसार बदलत नाही. मात्र त्यांना वीज लागते आणि किंमत बरीच जास्त पडते.

पॉटवाले पेडल घ्यायचे असेल तर पॉट ५०० किलोओहमचा आणि लॉगरिदमिक, म्हणजे कानाला आवाज एकसारखा वाढल्यासारखा वाटेल असा, असावा. साध्या गिटारसाठी विकले जाणारे पेडल बऱ्याचदा २५० किलोओहमचे असते, आणि स्टीलच्या पिकअपवर ते लावले की वरच्या कंपनसंख्या मंदावतात. लिनिअर, म्हणजे प्रवासाच्या प्रमाणात रोध बदलणाऱ्या, पॉटमध्ये टाचेजवळच्या थोड्याशा प्रवासातच आवाज एकदम उसळी घेतो आणि पुढच्या टप्प्यात पाय हलवूनही फारसा फरक पडत नाही. आपला पाय नेमका त्याच पुढच्या टप्प्यात काम करतो, म्हणून तेथली चढण संथ आणि एकसारखी हवी.

दुकानात कोणी सांगत नाही अशी एक बाब म्हणजे पेडलची उंची. व्हॉल्यूम पेडल उंच असेल तर उजवा गुडघा वर जातो आणि उजवीकडच्या खटक्यांवर त्याचा कोन चुकतो. स्टीलसाठी मुद्दाम बनवलेली पेडल बुटकी असतात ती याचसाठी. पेडल घेण्यापूर्वी शक्य असेल तर आपल्या वाद्यासमोर, आपल्याच आसनावर बसून, उजव्या गुडघ्याचे दोन्ही खटके ढकलत पाय पुढे-मागे करून पाहावा. पोटरी पाच मिनिटांत दुखू लागली तर ते पेडल आपले नाही.

दोरी तुटते, हे गृहीतच धरा. माझी पहिली दोरी एका घरगुती मैफलीत दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तुटली, तेव्हा पेडल जवळजवळ बंद स्थितीत अडकले होते आणि मी पाय आपटत राहिलो तरी ॲम्पमधून कुजबूज तेवढी येत होती. तेव्हापासून माझ्या पेटीत मापाने कापून दोन्ही टोकांना गाठी मारलेली दोरी आणि एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर कायम असतो. पॉटची खरखर हे दुसरे नेहमीचे दुखणे आहे. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत ती लवकर सुरू होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारून पॉट वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवला की ती बहुधा जाते. पॉट बदलायची वेळ आलीच तर दांड्याचे माप तपासा. अमेरिकी पेडलमध्ये तो पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असतो, तर आपल्या बाजारात सहज मिळतो तो बहुधा ६ मिलिमीटरचा. एवढ्याशा फरकाने कप्पी घसरते.

तिसरी पायरी : केबल आणि बफर

वाद्य सरळ ॲम्पला जोडल्यावर आवाज खुला येतो, आणि मध्ये व्हॉल्यूम पेडल घातले की त्यावर पातळ गोधडी पांघरल्यासारखे वाटते. हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो. यामागचे कारण समजून घेतले तर अनावश्यक खरेदी टळते.

साध्या गिटार केबलची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. पाच मीटर केबल म्हणजे ५०० पिकोफॅरड. आता ५०० किलोओहमचा पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना त्यातून बाहेर पडणाऱ्या सिग्नलला सुमारे १२५ किलोओहमचा रोध आडवा येतो. हा रोध आणि ती धारिता यांचे मिळून एक फिल्टर बनते आणि ते साधारण २,५०० हर्ट्झच्या वरचा भाग खाऊ लागते. नखीचा कणखर स्पर्श आणि तारेची चमक त्याच भागात असते. पेडल पूर्ण दाबले की हा रोध जवळजवळ नाहीसा होतो आणि चमक परत येते. म्हणजे पाय जसजसा पुढे जातो तसा आवाज मोठा होतोच, शिवाय त्याचा रंगही उजळत जातो. काही वादकांना हा बदल आवडतो आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांतील आवाजाचा तो एक भाग आहे. मला स्वतःला रंग स्थिर असलेला आवडतो.

यावर उपाय म्हणजे बफर. बफर हे आवाज न वाढवणारे छोटे सर्किट असते. ते पिकअपकडून फारसा भार न घेता सिग्नल उचलते आणि पुढे लांब केबल सहज चालवू शकेल अशा दमदार रूपात देते. तो कोठे लावायचा यात गफलत होते, म्हणून दोन्ही जागा वेगळ्या सांगतो. वाद्य आणि व्हॉल्यूम पेडल यांच्या मध्ये बफर लावला, तर पॉटचा भार पिकअपवर येत नाही. गुडरिचचा मॅचबॉक्स किंवा सार्नोचा ब्लॅक बॉक्स याच जागेसाठी आहेत. पण पेडलनंतरच्या लांब केबलचा प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही, कारण पॉटचा रोध बफरच्या पुढे तसाच राहतो. तो सोडवण्यासाठी व्हॉल्यूम पेडलच्या लगेच पुढे, फूट-दीड फुटाच्या केबलवर, बफर हवा. बॉस कंपनीच्या पेडलांसारखी जी पेडल बंद असतानाही बफर चालू ठेवतात, त्यांपैकी एक तेथे ठेवले तरी काम होते, म्हणजे वेगळा बफर विकत घ्यावाच लागतो असे नाही. ट्रू बायपास पेडल मात्र बंद असताना नुसत्या तारेसारखे असते आणि या कामी उपयोगाचे नाही.

आणखी एक स्वस्त वाट आहे. वाद्यानंतर लगेच बफर लावायचा आणि त्यापुढे २५ किलोओहमचे व्हॉल्यूम पेडल घ्यायचे. मग पॉट मध्यावर असतानाही आडवा येणारा रोध सहा-सात किलोओहमच राहतो आणि पाच मीटर केबलचा काही परिणाम जाणवत नाही. अट एकच आहे, बफर काढून टाकायचा नाही. पिकअप सरळ २५ किलोओहमच्या पॉटला जोडला तर आवाज मेलाच समजा.

केबल चांगली घ्यावी, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती गरजेपुरतीच लांब घ्यावी. वाद्यापासून व्हॉल्यूम पेडलपर्यंत सव्वा ते दीड मीटर पुरते.

चौथी पायरी : ट्यूनर

ट्यूनर, म्हणजे तार सुरात लागली की नाही ते दाखवणारे यंत्र, व्हॉल्यूम पेडलच्या आधी असावा, म्हणजे पाय मागे घेऊन आवाज बंद ठेवूनही तारा मिळवता येतात. काही पॉटवाल्या पेडलांना ट्यूनरसाठी वेगळे छिद्र असते. तेथे ट्यूनर कायम जोडून ठेवला तर त्याचाही भार सिग्नलवर पडतो, म्हणून एकदा ट्यूनरची केबल काढून आवाज ऐकून पाहा. फरक पडत असेल तर बफर असलेला ट्यूनर साखळीतच, वाद्यानंतर पहिल्या जागी ठेवा. त्याने तिसऱ्या पायरीतले अर्धे काम आपोआप होते.

स्टील मिळवताना सगळ्या तारा सुईच्या मध्यावर आणून चालत नाही. हार्मोनियमचा गंधार आणि तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार यांत जो फरक आपल्या गायकांना खटकतो, तोच फरक येथे आहे. समान विभागणीच्या सप्तकातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढा असतो. म्हणून बहुतेक स्टीलवादक ई-९ मेळातील जी-शार्प तारा, म्हणजे ई हा षड्ज धरला तर गंधाराच्या तारा, बऱ्याच उतरवून लावतात. पीटरसनच्या स्ट्रोब ट्यूनरमध्ये पेडल स्टीलसाठी असे उतार-चढाव आधीच भरलेले असतात. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, त्यांनी ट्यूनरने फक्त ई तार मिळवावी आणि बाकीच्या कानाने मिळवाव्यात. मला तरी त्यातच समाधान मिळते.

पाचवी पायरी : डिले

एकच इफेक्ट घ्यायचा असेल तर डिले, म्हणजे वाजवलेल्या सुराचा थोड्या वेळाने पडसाद देणारे यंत्र, घ्या. बॉसचे डीडी-३ हे १९८६ पासूनचे साधे डिजिटल पेडल आणि रिव्हर्ब (मोठ्या खोलीत आवाज घुमल्यासारखा परिणाम) व डिले एकत्र असलेले आरव्ही-३ ही स्टीलवादकांच्या जवळ पिढ्यानुपिढ्या दिसत आली आहेत. साध्या कळांचे कोणतेही चांगले डिले चालते. मेनूमध्ये शिरून सेटिंग बदलावे लागते असे यंत्र मात्र नवख्याने घेऊ नये, कारण दोन गाण्यांमधल्या दहा सेकंदांत हाताने फिरवता येणारी कळच उपयोगी पडते.

डिले नेहमी व्हॉल्यूम पेडलनंतर असावा. पाय मागे घेतला तरी आधीच्या सुरांचे पडसाद आपापल्या गतीने विरत जातात आणि वाक्याचा शेवट मऊ होतो. उलट क्रमाने लावला तर पायाबरोबर पडसादही कापले जातात.

वेळ ३०० ते ४०० मिलिसेकंद, पडसाद दोन किंवा तीन आणि त्यांची पातळी मूळ आवाजाच्या चौथ्या हिश्शाहून कमी, एवढ्यावर सुरुवात करा. गाण्याच्या लयीशी जुळवायचे असेल तर ६०,००० ला दर मिनिटाच्या मात्रांनी भागावे. मिनिटाला ८० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची आणि अर्धी मात्रा ३७५ ची येते, आणि ती आपल्या टप्प्यात अचूक बसते.

पडसादांची पातळी कानाने ठरवण्यासाठी ही कसोटी वापरा. आठव्या पडद्यावर बार ठेवून तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी तार छेडली की सी मेजर वाजतो. सी हा षड्ज धरला तर त्यात षड्ज, गंधार आणि पंचम आहेत. आता सूर चालू असताना डाव्या पायाने वाद्याची ए आणि बी ही दोन्ही पेडल एकत्र दाबा. गंधार चढून मध्यम होतो, पंचम चढून धैवत होतो, षड्ज जागेवर राहतो आणि एफ मेजर उमलतो. या वाद्याची ही सर्वांत ओळखीची हालचाल आहे. डिलेची पातळी जास्त असेल तर मागून येणारा गंधार तुमच्या नव्या मध्यमाला घासतो, आणि अर्ध्या सुराच्या त्या घर्षणाने उमलण्याची सारी गोडी जाते. ते घर्षण ऐकू येईनासे होईपर्यंत कळ मागे घ्या. जेथे थांबाल तीच तुमची पातळी, मग ती कळीवर कितीही असो.

डिलेमध्ये खालचे सूर कापण्याची सोय असेल तर ई-९ साठी शंभर हर्ट्झच्या खालचे सर्व खुशाल कापा. तेथे तुमच्या तारेचा एकही मूळ सूर नाही. पेडलांची धडधड आणि व्हॉल्यूम पेडलचे ठोके तेवढे असतात.

रिव्हर्ब डिलेच्या पुढे, साखळीच्या शेवटी यावा. ॲम्पमध्ये स्प्रिंगचा रिव्हर्ब असेल तर पहिल्या वर्षी वेगळा घेण्याची गरज नाही. डॅनिएल लान्वा यांनी संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९८३ सालच्या अवकाशविषयक संगीतात स्टीलला जो अथांग अवकाश दिला, तसा आवाज हवा असेल तर मोठा डिजिटल रिव्हर्ब लागतो, पण तो आधी स्वच्छ वाजवता येणाऱ्याच्या हातातच शोभतो. सराव मात्र पूर्ण कोरड्या आवाजावरच करावा. रिव्हर्बच्या धुक्यात बार पडद्याच्या रेषेपासून दोन मिलिमीटर सरकला तरी कळत नाही, आणि कळले नाही तर ती चूक हातात मुरते.

सहावी पायरी : ओव्हरड्राइव्ह आणि बाकीचे

ओव्हरड्राइव्हला, म्हणजे सिग्नल मुद्दाम फाडून आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टला, या वाद्यावर इतिहास आहे. फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडमध्ये स्नीकी पीट क्लाइनाव यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस फझ (आणखी खरखरीत ओव्हरड्राइव्ह) लावून स्टील वाजवली, आणि चर्चमधल्या सेक्रेड स्टील परंपरेतून आलेले रॉबर्ट रँडॉल्फ ओव्हरड्राइव्ह आणि वा-वा (पायाने आवाजाचा रंग उघडझाप करणारे पेडल) यांच्या जोरावर तिला रॉकच्या मंचावर घेऊन गेले.

येथे जागेचा प्रश्न नाजूक आहे. ओव्हरड्राइव्ह व्हॉल्यूम पेडलनंतर ठेवला तर पाय हलेल तसा आवाजाचा खरखरीतपणा कमी-जास्त होतो, आणि आपला पाय तर सतत हलत असतो. म्हणून तो व्हॉल्यूम पेडलच्या आधी ठेवावा. मग पोत स्थिर राहतो आणि पाय फक्त आवाज ठरवतो. पिकअप जोरकस असल्यामुळे ड्राइव्हची कळ साध्या गिटारवर ठेवतो त्याच्या निम्म्यावरच ठेवावी लागते. गंधाराचा मुद्दाही पुन्हा येथे येतो. दोन सूर एकत्र विकृत झाले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचा तिसरा सूर जन्माला येतो. गंधार शुद्ध असेल तर तो तिसरा सूर बरोबर षड्जाच्या दोन सप्तके खाली पडतो आणि आवाज भारदस्त होतो. गंधार चढा असेल तर तो खालचा षड्जही बेसूर होऊन भुणभुणतो. ओव्हरड्राइव्हवर तीन-चार तारा एकत्र वाईट वाजत असतील, तर पेडल बदलण्याआधी तारा पुन्हा मिळवून पाहा.

कंप्रेसर, म्हणजे लहान-मोठे आवाज एका पातळीवर आणणारे यंत्र, नवख्याने घेऊ नये. आस लांबवण्याचे काम पाय करतो, आणि कंप्रेसरने तेच काम हिरावले की पाय कधीच शिकत नाही. कोरसचेही तसेच आहे. तो सुराला जाणूनबुजून किंचित वर-खाली करून पसरवतो, त्यामुळे बारची चूक झाकली जाते आणि बारने दिलेला हलका कंपही त्यात हरवतो. फेझर, म्हणजे आवाजाला लाटेसारखी हालचाल देणारा इफेक्ट, कधीतरी एखाद्या गाण्याला खुलून दिसतो. तो व्हॉल्यूम पेडल आणि डिले यांच्या मध्ये बसतो.

मग पूर्ण क्रम असा होतो : वाद्य, ट्यूनर किंवा बफर, लागलाच तर ओव्हरड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, लागलाच तर फेझर, डिले, रिव्हर्ब आणि ॲम्प.

सातवी पायरी : वीज आणि मांडणी

अमेरिकेतून ॲम्प आणणाऱ्यांनी त्याच्या पाठीवरची पाटी आधी वाचावी. तेथे १२० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो सरळ लावला की क्षणात जळतो. पाटीवरील वॅटेजच्या निदान दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि त्यातून अर्थिंगची तार ॲम्पपर्यंत अखंड जाते याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. स्टीलची चौकट, बार आणि तारा सगळे धातूचे असते आणि आपले दोन्ही हात त्यांवर असतात. घरघर कमी होते म्हणून अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो ऐकू नये, त्यात जीव जाऊ शकतो.

घरघर कमी करण्याचे सुरक्षित मार्ग आहेत. सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची गुणगुण आणि दिव्यांच्या डिमरची भुणभुण उचलतो. वाद्यासकट आसन थोडे-थोडे फिरवून पाहा. एका कोनात घरघर बरीच कमी होते, तेथेच बसा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वाद्यापासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवा. पेडलांसाठी बहुतेक ठिकाणी ९ व्होल्ट आणि आतली पिन ऋण अशी वीज लागते. एकाच ॲडॉप्टरवरून माळेसारखी जोडणी केली की डिजिटल डिलेची बारीक शिट्टी बाकीच्या पेडलांत शिरते, म्हणून प्रत्येक मार्ग वेगळा असलेला पुरवठा घ्यावा आणि डिलेला किती मिलिअँपिअर लागतात ते त्याच्या तळाशी वाचून मगच जोडावा.

डिले आणि रिव्हर्ब जमिनीवर ठेवू नका. वाद्याच्या पुढच्या पायाला पकड लावून एक छोटी फळी बसवता येते, किंवा शेजारी हाताच्या उंचीवर स्टूल ठेवता येते. कळा बोटांच्या टप्प्यात असल्या की दोन गाण्यांमध्ये बार ठेवून डाव्या हाताने वेळ किंवा पातळी बदलता येते आणि उजवा पाय आपल्या जागेवरून हलत नाही. जमिनीवर फक्त व्हॉल्यूम पेडल असावे. ते घसरू नये म्हणून खाली रबरी चटई घाला, आणि ती इतकी मोठी घ्या की वाद्याचे पायही तिच्यावर येतील, म्हणजे प्रत्येक वेळी पेडल वाद्यापासून त्याच अंतरावर लागते.

आठवी पायरी : जोडणीची तपासणी

सगळे जोडून झाल्यावर सर्वांत खालची तार जोरात छेडून व्हॉल्यूम पेडल पूर्ण दाबा. कोठे तडतड ऐकू आली तर इफेक्ट एकेक करून काढत जा. जे काढल्यावर तडतड थांबेल त्याच्या तोंडाशी सिग्नल जास्त होत आहे. डिजिटल पेडलांत हे बऱ्याचदा घडते, आणि त्यावर उपाय म्हणजे आधीच्या पेडलची पातळी कमी करून ॲम्पची वाढवणे. मग वाद्य सरळ ॲम्पला जोडून तोच तुकडा वाजवा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. नंतर पूर्ण साखळीतून, सगळे इफेक्ट बंद ठेवून, पेडल अर्ध्यावर ठेवून आणि ॲम्पचा आवाज तेवढाच जुळवून तोच तुकडा पुन्हा वाजवा. दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकल्यावर दुसऱ्यात नखीचा स्पर्श बोथट झालेला वाटला, तर तिसऱ्या पायरीकडे परत या. बफर कोठे आहे आणि व्हॉल्यूम पेडलनंतरची पहिली केबल किती लांब आहे, हे आधी पाहा.